नागपुरात गॅलरीतली बाग: मे महिना डोळ्यांसमोर ठेवून

नागपुरात बाग करायची हुक्की बहुतेकांना डिसेंबर-जानेवारीत येते. हवा छान असते, नर्सरीत पिटुनिया, डालिया, डायन्थस ओसंडून फुललेले असतात आणि बघता बघता दहा-बारा कुंड्या घरी येतात. मार्च येतो, एप्रिल येतो, एकेक कुंडी रिकामी होत जाते आणि शेवटी निष्कर्ष निघतो, "आमच्या हाताला झाडं लागतच नाहीत." हाताचा यात काही दोष नसतो. त्यातली निम्मी झाडं मुळातच एका हिवाळ्याची पाहुणी असतात आणि उरलेल्यांसाठी कुंडी, माती, जागा ठरवताना मे महिन्याचा विचारच झालेला नसतो.

या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लू वाहते, तेव्हा हवेतला ओलावा जवळजवळ संपलेला असतो. पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ बघून केलेली बाग इथे टिकत नाही ती यामुळेच. म्हणून हा लेख एकाच प्रश्नाभोवती आहे: हे झाड, ही कुंडी, ही जागा मे महिन्यात काय करेल? सुरुवातीपासून हा प्रश्न विचारत गेलात, तर नागपूर फुलझाडांसाठी वाईट शहर नाही. उलट, मोगरा आणि बोगनवेल इथे जसे फुलतात तसे दमट गावांत फुलत नाहीत.

पायरी १: गॅलरीतलं ऊन ओळखा

रोप विकत घेण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गॅलरीत जाऊन बघा आणि ऊन जमिनीवर कुठपर्यंत येतं तिथे खडूने खूण करा. फुलझाडांना रोज किमान चार ते सहा तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी असेल तर फुलांचा हट्ट सोडून पानांच्या झाडांकडे वळावं.

दिशेचा हिशेब नागपुरात जरा वेगळा लागतो. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर. मेच्या शेवटी तो थेट डोक्यावर येतो आणि २६ मेच्या आसपास शहरात शून्य सावली दिवस असतो. नेमका तेव्हाच नवतपाही, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू असतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं आणि मे महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब तेच ऊन अडवतो. दक्षिण दिशा म्हटली की लोक नाकं मुरडतात, पण कुंड्यांसाठी ही गॅलरी फार चांगली.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी: सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. नवशिक्याला ती मिळाली तर अर्धं काम झालं. उत्तरेला हिवाळ्यात ऊन येतच नाही, तिथे मनीप्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट अशीच मंडळी ठेवा.

पश्चिमेची गॅलरी मात्र परीक्षा घेते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत ऊन समोरून येतं, भिंत तापते आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता परत फेकत राहते. भिंतीला हात लावून बघा, कळेल. तुमची गॅलरी पश्चिमेची असेल तर बाग करू नका असं मी म्हणणार नाही, पण झाडं बोगनवेल, कण्हेर, अडेनियम, सदाफुली यांतूनच निवडा आणि हिरव्या जाळीचा खर्च आधीच धरा.

एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुठलंही झाड ठेवू नका. ती गरम हवा दोन दिवसांत पानं करपवते.

पायरी २: सुरुवात योग्य वेळी करा

मार्च ते मध्य जून या काळात नवी बाग सुरू करू नका. पहिली चांगली वेळ म्हणजे जूनच्या शेवटी, दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर. मोगरा, जास्वंद, कण्हेर, तगर, बोगनवेल, गोकर्ण ही कायमची झाडं तेव्हा लावा. जुलै ते फेब्रुवारी असे सात-आठ महिने मुळं पसरायला मिळतात आणि उन्हाळा येतो तेव्हा झाड कुंडीत रुजलेलं असतं.

दुसरी वेळ ऑक्टोबरचा उत्तरार्ध. ऑक्टोबर हीट ओसरली की पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, कॅलेंडुला, पॅन्सी यांची रोपं आणायची. ही मार्चपर्यंत फुलतील आणि मग संपतील. ते संपणं ठरलेलंच आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. झेंडूचं गणित सणावरून करतात: बी टाकल्यापासून फुलं यायला दोन-सव्वादोन महिने लागतात, म्हणजे दसऱ्याला घरची फुलं हवीत तर जुलैत बी पडायला हवं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. एका काडीवर एकच फूल येण्याऐवजी झाड बाजूंनी फुटतं आणि डेरेदार होतं.

पायरी ३: कुंडी

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या स्वस्त आणि हलक्या, पण उन्हात तापतात आणि आतली मुळं भाजतात. प्लास्टिकच घ्यायचं तर पांढरं किंवा फिक्या रंगाचं घ्या. मातीची कुंडी बाजूंनी पाणी झिरपवते, त्यामुळे माठासारखी थंड राहते. मात्र त्याच कारणाने ती लवकर कोरडी पडते. माझं मत मातीच्या कुंडीच्या बाजूने आहे, फक्त आकार मोठा हवा. सहा इंची मातीच्या कुंडीतलं झाड मे महिन्यात दिवसातून तीनदा पाणी मागेल, बारा इंचीतलं दोनदा पाणी देऊन निभावेल. नवी कुंडी लावण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती पहिले काही दिवस मातीतलं पाणी स्वतःच पिते.

मोगरा, जास्वंद, गुलाब यांना १२ इंची, बोगनवेलीला १० ते १२, हंगामी फुलांना ८ इंची पुरते. बोगनवेलीला फार मोठी कुंडी दिली तर ती पानंच वाढवत बसते.

भोकावर एक खापराचा तुकडा उपडा ठेवा, एवढं पुरे. तळाला गिट्टीचा थर द्यायची जुनी पद्धत आहे. तिने निचरा सुधारत नाही, पाणी गिट्टीच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

फ्लॅटमध्ये वजनाचाही विचार हवा. १२ इंची कुंडीत ओली काळी माती भरली की ती सहज २० किलोंच्या वर जाते. जड कुंड्या भिंतीलगत ठेवा, गॅलरीच्या मोकळ्या टोकाला नको. कठड्यावर तर एकही कुंडी नको, रिंगमध्ये अडकवलेलीसुद्धा खालच्या बाजूने तारेने बांधा. मे-जूनमधलं वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटलं की पत्रे उडतात, तिथे कुंडीचं काय. खाली लहान मुलं खेळत असतात.

कुंड्या थेट फरशीवर न ठेवता स्टँडवर किंवा दोन विटांवर ठेवा. तापलेल्या फरशीचा चटका बसत नाही आणि फरशी कोरडी राहिल्याने खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येत नाही.

पायरी ४: माती, इथे घाई नको

विदर्भाची काळी माती कापसासाठी सोनं आहे. शेतात ती खोलवर पाणी धरून ठेवते. कुंडीत मात्र तीच माती एकटी वापरली तर अडचण करते, आणि ती अडचण डोळ्यांनी बघता येते. काळ्या मातीने भरलेली कुंडी उन्हाळ्यात दोन दिवस तशीच राहू द्या. माती आकसते, वर भेगा पडतात आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर फट सुटते. आता वरून तांब्याभर पाणी घाला. ते क्षणात त्या फटीतून खाली उतरतं आणि बशीत जमा होतं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली. काठीने मधली माती उकरून बघा: दोन इंचांखाली ती दगडासारखी कोरडी असते. झाड तहानेने मरतं आणि घरचे म्हणतात, रोज तर पाणी घालत होतो. पावसाळ्यात उलट होतं. तीच माती फुगते, चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगणाऱ्या आणि उन्हाने आकसणाऱ्या जातीची असते, म्हणून हे घडतं.

उपाय मिश्रणाचा. घमेल्याने मोजा: एक घमेलं माती, एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धं घमेलं जाड रेती. बांधकामाची कन्हान नदीची रेती चालते, फक्त चाळून बारीक धूळ काढून टाका आणि दोनदा धुवा. प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळा. अडेनियमसाठी हे प्रमाण बदलतं, तिथे निम्मी रेतीच हवी.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर ६०-७० लिटर होते, तेव्हा दोन-चार कुंड्यांसाठी पूर्ण वीट घेऊ नका, छोट्या विटाही मिळतात. वापरण्याआधी ते एकदा धुवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात.

शेणखत ओलं, वास येणारं किंवा गरम लागणारं असेल तर परत करा. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या येतात आणि मुळं कुरतडतात. चांगलं शेणखत चहापत्तीसारखं भुरभुरीत असतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

मिश्रण जमलं की नाही हे हातानेच कळतं. किंचित ओलं मिश्रण मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचल्यावर फुटायलाही हवा. गोळ्याची लांब वळी होत असेल तर माती जास्त झाली, गोळाच होत नसेल तर रेती जास्त.

अजून एक गोष्ट या मातीशी जोडलेली आहे. आपली काळी माती चुनखडीची, विम्लधर्मी (अल्कलाइन) असते आणि बोअरवेलचं पाणी जड. दोन्ही मिळून झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. जास्वंद, गुलाब, अनंत, एक्झोरा यांच्यावर हा हमखास दिसतो. लोक याला पाण्याची कमतरता समजून आणखी बोअरचं पाणी घालतात. खरा उपाय म्हणजे चिलेटेड लोह पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात फवारणं, किंवा लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर मारणं. जुनी, खालची पानं एकेक करून पिवळी होत असतील तर तो केवडा नाही, तिथे खत किंवा निचरा बघा.

मातीचं शास्त्र या गावाला नवं नाही, देशाच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोचं मुख्यालयच अमरावती रोडवर आहे. आपल्या कुंडीपुरतं मात्र ती मुठीतली परीक्षा पुरते.

पायरी ५: झाडं निवडताना

मे महिन्यात एकदा शहरातून फिरताना दुभाजकांकडे लक्ष द्या. डांबर वितळत असतं आणि कण्हेर, बोगनवेल मात्र फुललेले असतात. ज्या झाडांना तिथे कोणी लाडाने पाणी घालत नाही ती तुमच्या गॅलरीत नक्की जगतील.

पहिल्या वर्षी पाच-सहा कुंड्याच घ्या. उन्हाची गॅलरी असेल तर मोगरा, जास्वंद, सदाफुली, बोगनवेल आणि एक गोकर्णाचा वेल. ऑफिस टाईमची (पोर्टुलाकाची) टोपली टांगा, काडी खोचली तरी लागते आणि ऊन जितकं कडक तितकी ती खूश. गुलाब मनात असेल तर पहिलं रोप गावठी गुलाबी घ्या. त्याला वास असतो आणि तो उन्हाळा काढतो. कलमी गुलाब घेतला तर जोडाच्या खालून येणारी फूट दिसताच मोडा, ती रानटी खुंटाची असते आणि वरचं कलम मारते.

अडेनियमबद्दल एक सांगून ठेवते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं रात्रीचं तापमान १०-१२ अंशांवर आलं की ते पानं टाकतं. मेलं समजून लोक पाणी वाढवतात आणि तेव्हा त्याचं खोड खरोखर सडतं. पाणी जवळजवळ बंद करा, फेब्रुवारीत ते फुटतं. त्याचा चीक आणि कण्हेरीचं सगळंच झाड विषारी असतं. घरात रांगतं मूल असेल तर ही दोन्ही आणि डिफनबेकिया टाळलेलीच बरी.

घरात ठेवायच्या झाडांसाठी साधी कसोटी: दिवसा दिवा न लावता जिथे पेपर वाचता येतो तिथे स्नेक प्लांट, झेडझेड, मनीप्लांट जगतात. पण नागपुरातल्या घरांत एक वेगळंच संकट असतं, कुलर. मार्चअखेर तो खिडकीत बसला की खिडकी गेली, वर पडदेही ओढलेले. तीन महिने घरात अंधार असतो. जानेवारीत उजेडात असलेला कोपरा एप्रिलमध्ये तसा राहत नाही, तेव्हा कुलर बसवतानाच घरातल्या कुंड्यांची जागाही बदला.

संत्र्याचं रोप प्रत्येकालाच हवं असतं, नागपूरकराला ते साहजिक आहे. कुंडीत संत्र्यापेक्षा कागदी लिंबू कितीतरी सोपं. सहा तास ऊन आणि १८ इंची कुंडी असेल तरच त्या वाटेला जा.

पायरी ६: रोप आणणं आणि लावणं

नर्सरीत सगळ्यात जास्त फुललेलं रोप उचलायचा मोह टाळा. कळ्या असलेलं, बुटकं, खालपासून पानं असलेलं रोप घ्या. पान उलटून बघा, पांढरा कापूस किंवा चिकटपणा असेल तर ते नको, कारण ती कीड घरच्या सगळ्या कुंड्यांवर पसरेल.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत आंध्रातल्या कडियमकडून आणि पुण्याकडून भरपूर रोपं येतात. त्यांच्या मुळांभोवती बहुतेकदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच आपल्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर भोवतालची माती भिजते आणि गोळा कोरडाच राहतो. पिशवी कापल्यावर गोळा दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा आणि कडेची माती हलक्या हाताने मोकळी करा. पिशवीत माती ज्या उंचीपर्यंत होती तेवढ्याच उंचीवर झाड लावा, खोड जास्त गाडू नका. वर दोन बोटं जागा रिकामी ठेवा, पाणी साचायला. लावणी संध्याकाळी करा.

रोपं नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. पहिले तीन-चार दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, असं करत आठ-दहा दिवसांनी कायमच्या जागी न्या.

पायरी ७: पाणी

वेळापत्रकाने पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर थांबा, कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत घाला. पावसाळ्यात आठवडाभर हाताला पाणी लावावं लागत नाही, हिवाळ्यात दिवसाआड पुरतं, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ. घरातल्या स्नेक प्लांटला हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदाही चालतं.

उन्हाळ्यात पाण्याची एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला चटके देण्याइतकं गरम येतं, ते संध्याकाळी सातलाही कोमटच असतं. ते मुळांवर ओतू नका. सकाळीच दोन बादल्या भरून सावलीत ठेवा आणि संध्याकाळी तेच वापरा.

कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण कुलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. टाकीच्या कडेला जमलेला पांढरा थर तोच. ते फरशी धुवायला वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र झाडांना खुशाल घाला.

बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडणारा डास होतो. जुलै ते ऑक्टोबर बशा काढूनच ठेवा, नाहीतर दर दोन-तीन दिवसांनी उपड्या करा. आणि पाणी घालण्याची वेळ खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून ठरवा. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर मातीचं पाणी ठिबकलं की स्कीममध्ये, म्हणजे आपल्या इमारतीत, बागेचा विषय मीटिंगपर्यंत जातो.

पायरी ८: उन्हाळ्याची तयारी

होळी झाली की कामाला लागा, मे येण्याची वाट बघू नका.

आधी जाळी. ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी घ्या आणि ऊन ज्या बाजूने येतं तिथे उभी बांधा. झाडांना ती चिकटू देऊ नका, मधून हवा खेळायला हवी. नायलॉनच्या दोरीने चारही कोपरे पक्के करा. याहून दाट जाळी लावली तर जास्वंदीची फुलं कमी होतात.

मग कुंड्या एकमेकींना जवळ आणा. मोठ्या बाहेरच्या बाजूला, छोट्या मध्ये. मोठी कुंडी छोटीला सावली देते आणि सगळ्यांच्या पानांतून सुटणारी वाफ तिथली हवा जरा ओलसर ठेवते. मातीवर वाळलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर घाला. एवढ्याने पाण्याची एक वेळ वाचते. फार नाजूक रोप असेल तर त्याची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत रेती भरा आणि ती रेती ओली ठेवा.

एप्रिलच्या मध्यापासून खत बंद. छाटणी, कुंडी बदलणंही बंद. झाड स्वतःला वाचवत असतं, तेव्हा त्याला वाढायला लावू नये.

दुपारी तीन वाजता जास्वंदीची पानं लोंबकळलेली दिसतील आणि जीव कळवळून लगेच पाणी घालावंसं वाटेल. आधी मातीत बोट घाला. माती ओली असेल तर ते तहानेने नाही, उन्हाने मान टाकली आहे. मुळं जेवढं पाणी पुरवतात त्याहून जास्त पानांतून उडतं आहे, एवढंच. सात वाजेपर्यंत ती परत ताठ होतात. दुपारी तापलेल्या मातीत पाणी ओतत राहिलात तर मुळं कुजतात. सकाळी सातलाही पानं लोंबलेली असतील तर मात्र काळजी करा.

नवतप्यात फुलांची अपेक्षा ठेवू नका. कलमी गुलाब, शेवंती भिंतीच्या सावलीत हलवा. पानांच्या कडा जळतील, कळ्या गळतील. जळकी पानं लगेच तोडू नका, ती खालच्या पानांना सावली देतात.

गावाला जायचं असेल तर कुंड्या न्हाणीघरात, उजेड असेल तिथे, एकत्र ठेवा आणि शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. उलट्या बाटल्या दोन दिवसांच्या वर भरवशाच्या नाहीत.

खत आणि कीड, थोडक्यात

खत वाढीच्या काळात, म्हणजे जुलै ते मार्च. दर तीन-चार आठवड्यांनी कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत मातीत मिसळा. हंगामी फुलांना १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक-दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. ढेप (पेंड) भिजवलेलं पाणी उत्तम खत आहे, पण फ्लॅटमध्ये त्याचा वास शेजारीही ओळखतात. जास्त खताने झाडं मरतात, कमी खताने सहसा मरत नाहीत.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, उरलेले जुन्या ब्रशने काढा आणि मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात चार थेंब भांडी घासायचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं जळतात. एप्रिल-मेमध्ये पानं फिकट होऊन त्यांच्या मागे बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी, त्याला कोरडी हवा आवडते. रोज सकाळी पानांच्या मागून पाणी मारा, बहुतेकदा तेवढ्याने आटोक्यात येतो.

मोगरा आणि शेवंती: वर्षाची दोन फुलं

मोगरा नागपूरच्या उन्हाळ्याचं बक्षीस आहे, पण तो मागितल्याशिवाय मिळत नाही. जानेवारीच्या शेवटी मोगऱ्याचं पाणी आठ-दहा दिवस तोडा. मग फांद्या एक तृतीयांश छाटा आणि उरलेली सगळी पानं हाताने ओरबाडून काढा. झाड उघडंबोडकं दिसेल, घरातले ओरडतील, तरी काढा. वरची दोन इंच माती मोकळी करून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला आणि भरपूर पाणी द्या. साधारण दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक पेरातून फूट निघते आणि मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकालाच येते. मार्चच्या शेवटी संध्याकाळी ओंजळभर कळ्या काढता येतात. बहर ओसरला की टोकं पुन्हा जराशी छाटा, दुसरा बहर येतो. मोगरा जाळीखाली नको, त्याला ऊनच हवं, फक्त पाण्यात खंड नको.

शेवंतीचं बरोबर उलट. ती रात्र मोठी झाली की कळी धरते. जुलैत काड्या लावा, ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहा आणि सप्टेंबरपासून तिला रात्री पूर्ण अंधार द्या. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू राहिला तर झाड हिरवंगार होतं आणि कळी मात्र धरत नाही. महालक्ष्म्यांना शेवंती बाजारातूनच आणावी लागते, घरची नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते.

पहिला पाऊस आल्यावर

पहिली सर आली की लगेच कात्री हातात घेऊ नका. मधे पुन्हा आठवडाभर कडक ऊन पडू शकतं. पाऊस स्थिरावला, ढग राहू लागले, की जाळी काढा, जळक्या काड्या हिरवा भाग लागेपर्यंत छाटा आणि वर गांडूळखत घाला. अडेनियम आणि स्नेक प्लांट पावसाच्या माऱ्यातून स्लॅबखाली घ्या. गॅलरीच्या निचऱ्याची जाळी साफ करा, वाळलेली पानं तिथेच अडकतात आणि पाणी घरात येतं. छाटलेल्या मोगरा, जास्वंद, बोगनवेल, तगर यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या टाकू नका. खालची पानं काढा, तिरका काप द्या आणि निम्मी रेती, निम्मं कोकोपीट अशा मिश्रणात दोन पेरं आत जातील अशा खोचून सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात लागलेल्या काड्यांना नवी पानं येतील. त्या काड्या ऑगस्टमध्ये छोट्या कुंड्यांत हलवा, म्हणजे पुढच्या मेपर्यंत त्यांना नऊ महिने मिळतात.